दूध उतू गेलं आणि मी बाथरूमात नळ सोडून बसले

इंदिरानगरी | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. इथे दोन-तीन वर्षं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. चुका पोटात घाला, एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या दंडावर लेक झोपलीय.

नाशिकला इंदिरानगरात राहते. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. मुलगी आठ महिन्यांची. नवरा अंबडला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलते. सेकंडला असला की दुपारी दोनला बाहेर पडतो तो रात्री बाराच्या आत घरात नाही. सासऱ्यांना अर्धांग झाल्यापासून सासूबाईंना सिन्नरचं घर सोडता येत नाही. माझी आई येवल्याला, तिचे गुडघे गेलेत. मी घरून सात-आठ व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते. महिन्याची ११ आणि २० तारीख (रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा) माझ्या अंगावर येते, बाकी दिवस कसेबसे जातात.

काल रात्री साडेआठला लेक कडेवर, गॅसवर दूध, आणि चिरंजीव सांगतात, ''आई, उद्या शाळेत दहा वेगवेगळ्या झाडांची पानं न्यायचीत.'' उद्या! मी त्याच्याकडे वळले आणि मागे दूध उतू गेलं. बर्नर विझला, ओटा पांढरा, खाली फरशीपर्यंत ओघळ. मग मी जी ओरडले ना त्याच्यावर. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तो रडला नाही. स्वतःचे कानही झाकले नाहीत त्याने. माझ्या कडेवरच्या बहिणीचे कान झाकले, दोन्ही हातांनी, टाचा उंचावून.

मी गॅस बंद केला, लेकीला खाली गादीवर ठेवलं, बाथरूमात जाऊन कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि पालथ्या बादलीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेरून मुलाचा आवाज आला, ''आई, पानं नकोत. मी बाईंना सांगेन झाडं नव्हती.''

इंदिरानगरात झाडं नव्हती.

मला एकच विचारायचंय. बाकीच्या बायका कुठून आणता हे बळ? पहाटे पाचला उठून ध्यान करा असं कृपया सांगू नका. पाचला मी उठलेलीच असते.

---

अळीव_लाडू | मंगळवार, रात्री ११.५२

त्याने बहिणीचे कान झाकले, तिथे माझं वाचणं थांबलं. तुम्ही वाईट आई असता तर मुलाला हे सुचलंच नसतं. कोणीतरी त्याला असं जपलंय म्हणून त्याला जपता येतंय.

पानं झाली का शेवटी?

---

इंदिरानगरी | बुधवार, रात्री १२.०५

झाली. नवरा आल्यावर मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली गेला. कडुलिंब, जास्वंद, अशोक, कढीपत्ता, तुळस, पेरू, बोगनवेल आणि समोरच्या बंगल्याच्या कुंपणातून हात घालून मोगरा. आठच भरली. बाईंनी मोजलीसुद्धा नाहीत म्हणे.

---

जुनं_ते_सोनं | बुधवार, सकाळी ७.१५

राग मानू नये, पण आमच्या आयांनी पाच-पाच मुलं वाढवली. ना मिक्सर, ना वॉशिंग मशीन. त्यांना कधी 'स्ट्रेस' आला नाही. हल्ली मुली जरा लवकर खचतात. मन खंबीर ठेवा, देवाचं नाव घ्या, सगळं होतं.

---

तिखट_रस्सा | बुधवार, सकाळी ७.२२

आलेच हे. अजून चहा व्हायचाय माझा.

---

पंचवटीतली_आजी | बुधवार, सकाळी १०.३०

जुनंतेसोनं, तुमचं वय माहीत नाही. माझं एक्काहत्तर. म्हणून 'आमच्या वेळी' हे शब्द वापरायचा अधिकार माझ्याकडे थोडा जास्त आहे, असं समजून चालते.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा आम्ही पंचवटीत वाड्यात राहायचो. नऊ बिऱ्हाडं, मधे चौक, एक नळ. सव्वा महिना मी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले नाही. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला फडकं. अंगाला तेल लावायला एक मावशी यायच्या. त्यांच्या हातात असा काही जोर होता की त्या चोळत असताना मी बसल्या बसल्या झोपत असे. अळिवाची खीर सासूबाई करत, डिंकाचे लाडू माहेरून आलेले, शेपूची भाजी समोरच्या काकू पाठवत (मला ती आजही आवडत नाही). बाळाचे लंगोट धुवायला वेगळी बाई. माझं काम काय, तर पाजणं आणि झोपणं. त्या प्रथेत खुळचटपणाही भरपूर होता. बाळंतिणीला पाणी कमी देत, खिडकी उघडू देत नसत. ते गेलं ते बरंच झालं. पण त्याबरोबर माणसंही गेली. आजची मुलगी तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येते आणि दहाव्या दिवशी कुकर लावते.

पुढेही तेच. संध्याकाळ झाली की मुलगी कोणाकडे आहे ते मला शोधावं लागे. कोणाच्या तरी ओसरीवर झोपलेली सापडायची. तोंडाला साखरभाताचं शीत. मी पाच मुलं नाही, तीनच वाढवली, आणि खरं सांगायचं तर मी वाढवली असंही नाही. नऊ बिऱ्हाडांनी वाढवली. त्यामुळे आमच्या पिढीने 'आम्ही एकटीने निभावलं' म्हणू नये. आम्ही एकट्या नव्हतोच.

आणि ताण कोणाला आला नाही, हेही खोटं. मागच्या बिऱ्हाडातली एक सून दुसऱ्या बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली. मूल रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. बाहेरचं काही लागलं म्हणून तिच्यावरून नारळ उतरवले, लिंबं टाकली, शेवटी माहेरी पाठवून दिली. मूल इकडेच राहिलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, मला वाटलं खरंच काहीतरी लागलं असेल. आता वाटतं, तिला औषध मिळायला हवं होतं. तिचं नाव आमच्या वाड्यात पुढे कोणी घेतलं नाही.

इंदिरानगरी, बाळ, बादली उलटी करून बसलीस त्यात काही लाज नाही. आमच्यावेळी आम्ही जळणाच्या खोलीत जाऊन रडायचो. फक्त नळ बारीक ठेव. पाणी जातं.

---

अळीव_लाडू | बुधवार, सकाळी १०.४१

आजी _/\_

---

पासवाली | बुधवार, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक होईल.

मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरी करते. बारा वर्षं झाली. सकाळी सातची गाडी, रात्री घरी यायला दहा. मुलगा सहा महिन्यांचा असताना परत रुजू झाले. २०१७ च्या कायद्याने २६ आठवडे रजा मिळते, ती मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा मूल बघायला जाता यावं, असंही आहे. पण माझं मूल १८० किलोमीटरवर, मी चार वेळा कुठून जाणार! ऑफिसात दूध काढायला जागा म्हणून जुन्या फाइलींची खोली मिळाली, तिला आतून कडी नाही. खुर्ची दाराला टेकवून बसायचे. एकदा मीटिंग लांबली आणि पाझरून कुर्ता ओला झाला. कल्याण येईपर्यंत ओढणी पुढे धरून उभी होते. कारण बसले की डाग दिसत होता.

त्या दिवशी गाडी कसाऱ्याला थांबली. रोजच थांबते. मागून धाडकन धक्का बसतो, नवीन माणूस दचकतो, आम्ही पासवाले झोपेत मान पण उचलत नाही. घाट चढायला मागे बँकर इंजिन लावतात ना, त्याचा तो धक्का. शेजारच्या काकूंना (त्या तेव्हा रिटायरमेंटला आलेल्या) मी म्हटलं, काकू, मला हे जमत नाही, मी राजीनामा देते. त्या म्हणाल्या, ''आत्ता बसला तो धक्का कसला?'' म्हटलं बँकरचा. ''एवढ्या डब्यांची गाडी ओढणारं इंजिन आहे पुढे. त्याला कोणी म्हणतं का, की बाई गं तुला घाट चढता येत नाही? तुझा बँकर कोणंय ते सांग.''

मी बोटं मोजायला लागले तर नवऱ्यापुढे कोणी येईना. दुसऱ्या दिवशी काकूंनी डब्यातल्या बायकांना सांगून माझ्यासाठी खिडकीची सीट कायमची ठेवून दिली, कारण तिथे ओढणी लावून दूध काढता येतं. बळ वगैरे काही आलं नाही हो. सीट मिळाली.

---

रूळावरचा_माणूस | बुधवार, दुपारी १.४५

धाग्याच्या विषयाशी संबंध नाही तरी लिहितो. कसारा ते इगतपुरी चढ १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. बँकर कसाऱ्याला मागून लावतात आणि इगतपुरीला काढतात. त्यामुळे तो 'कायमचा आधार' नसतो, तेवढ्या घाटापुरताच असतो. आता गप्प बसतो.

---

तिखट_रस्सा | बुधवार, दुपारी १.५०

विषयाशी संबंध नाही म्हणता म्हणता सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंत.

---

नर्स_सिडको | बुधवार, रात्री ९.१०

ड्यूटीवरून आत्ता आले. मी डॉक्टर नाही, प्रसूती वॉर्डात काम करते, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

इंदिरानगरी, मूल खाली गादीवर ठेवून तुम्ही बाजूला झालात, हे आम्ही मुद्दाम शिकवतो. राग अनावर झाला की बाळ सुरक्षित जागी ठेवायचं, दार लोटायचं, पाच मिनिटं दूर व्हायचं. रडून बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते. तुम्ही बरोबर केलंत.

आता थोडं टोचेल असं. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत रडू येणं, चिडचिड, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याहून लांबलं, किंवा पुढे वर्षभरात कधीही सुरू झालं, तर ते वेगळं असतं, त्याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. 'आठ महिने झाले, आता कसलं बाळंतपण' असं घरचे म्हणतील, ते धरू नका. नैराश्य म्हणजे नुसतं रडणंही नसतं. पुष्कळ बायकांमध्ये ते संताप होऊन बाहेर येतं. बाळ झोपलंय, आपणही पडलोय, तरी झोप लागत नाही, असं होतं का तुमचं?

दोन कामं करा. एक, रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२. बाळंतपणानंतरच्या वर्षात कधी कधी थायरॉईड बिघडतो आणि बाई स्वतःला आळशी, रागीट समजत बसते. हिमोग्लोबिन १२ च्या खूप खाली असेल तर जिना चढतानाच जीव जातो, मनाच्या खंबीरपणाला कशाला दोष द्यायचा? दुसरं, एडिंबरो म्हणून १० प्रश्नांची एक यादी आहे, १९८७ पासून जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच विचारते. तिने निदान होत नाही, डॉक्टरकडे जायला हवं का ते कळतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' सोडून काहीही आलं, तर यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. नंबर फ्रिजवर लावून ठेवा. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

आजींनी लिहिलेली ती सून माझ्या डोक्यातून जात नाहीये. भिंतीकडे बघत बसणं, कोणाचे तरी आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलतेसलते विचार, असं पहिल्या काही आठवड्यांत दिसलं तर थांबायचं नसतं, लगेच दवाखाना. क्वचित होतं, पण उपचाराने बरं होतं.

---

सेकंड_शिफ्ट | गुरुवार, रात्री १२.५०

मी बाप आहे, इथे लिहू का?

सातपूरला असतो. आमची जुळी झाली तेव्हा मला तीन दिवस सुट्टी मिळाली, तीही माझ्याच खात्यातली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, आमच्यासारख्या खासगीवाल्यांसाठी कायदाच नाही. तरी सांगतो, रजा हे निमित्त होतं. मी घरी आलो की बायको म्हणायची 'जेवून घे, दमला असशील' आणि मी जेवायचो. एकदा रात्री एक वाजता आलो तर ती दोघांना दोन मांड्यांवर घेऊन बसलेली. मी विचारलं, मदत करू का? ती म्हणाली, ''मदत मोलकरीण करते. तू कोण?''

त्या दिवसापासून रात्री एक ते पहाटे पाच माझी पाळी. लिहून ठेवलं, कंपनीतल्यासारखं. हँडओव्हरची वही पण आहे: कोणी किती वाजता दूध प्यायलं, शी कशी झाली. हसू नका, त्या वहीमुळे आमची भांडणं निम्मी झाली. निम्मीच. उरलेली निम्मी माझ्या आईवरून होतात, त्याला वही नाही.

नवऱ्याला 'तू समजून घे' सांगू नका. आम्हाला समजत नाही. वेळ सांगा.

---

निफाडची | गुरुवार, दुपारी ३.०५

आमच्याकडे द्राक्षबागेत विरळणीला बायका येतात, लहान लेकरं घेऊन. मांडवाच्या तारेला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या असतात. एका ओळीत सात झोळ्या मी मोजल्यात. त्यांच्यातच एक म्हातारी आहे, तिला आता घड हाताळता येत नाहीत, नजर गेलीय. ती दिवसभर झोळ्या हलवते. संध्याकाळी मजुरी वाटताना प्रत्येक बाई तिला आपल्यातले काही पैसे देते. कोणी सांगितलेलं नाही, कायदा नाही. मी एकदा म्हटलं, आजी, तुमचे पैसे मी देते मालक म्हणून. तर बायकाच नको म्हणाल्या. ''तुम्ही दिले तर ती तुमची माणूस होईल. आमची आहे ती.''

माझी दोन्ही मुलं वाढवायला मला घरात चार माणसं होती आणि मी डिंकाच्या लाडवांबरोबर अश्रू गिळत होते, कारण चारीजणांना वाटायचं मूल त्यांचं आणि चुका माझ्या. माणसं असणं आणि आपली असणं यात फरक आहे एवढंच.

---

जुनं_ते_सोनं | गुरुवार, सायंकाळी ६.००

मी सगळं वाचलं. माझ्या आईला आज फोन केला होता, ती ऐंशीची आहे. तिला विचारलं, तुला कधी ताण आला होता का? ती म्हणाली, ''तू तीन वर्षांचा असताना मी विहिरीपर्यंत जाऊन परत आले होते.'' मग म्हणाली, चहा ठेवलाय, उतू जाईल, आणि फोन ठेवला.

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

---

पंचवटीतली_आजी | गुरुवार, सायंकाळी ६.२०

आज रात्री पुन्हा फोन करा त्यांना. काही विचारू नका. नुसतं बोला.

---

इंदिरानगरी | पुढच्या शनिवारी, दुपारी ४.३५

अकरा दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद रात्री पाजताना वाचत होते, उत्तर द्यायला हात मोकळा नव्हता.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. थायरॉईडही थोडा बिघडलेला निघाला. आधी दाखवलं होतं त्या डॉक्टरांनी न तपासताच 'मुलं मोठी झाली की होईल ठीक' सांगून घरी पाठवलं होतं. आता दुसऱ्या बाईंकडे जातेय. दहा प्रश्नांची यादीही भरली. शेवटच्या प्रश्नाला 'कधीच नाही', आणि ते खरं आहे. बाकीच्यांचा आकडा नर्सताईंना व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्यांच्या सांगण्यावरून मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीय. नवरा म्हणाला, एवढं काही नाहीये तुला. मग मी त्याला सेकंड_शिफ्ट यांचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, हा आमच्या कंपनीतला तर नाही ना?

आता सेकंड असला की सकाळी साडेपाच ते साडेनऊ लेक त्याच्याकडे. मी दार लावून झोपते. पहिले तीन दिवस झोप आलीच नाही, पंख्याकडे बघत त्याचे आवाज ऐकत होते. 'अगं तिचं ते हे कुठंय' असं तो दारातून विचारायचा. चौथ्या दिवशी झोपले. उठले तर नऊ चाळीस, आणि लेकीला त्याने माझ्या ओढणीत गुंडाळलेलं. लंगोट सापडला नाही म्हणे. कपाटाच्या पहिल्याच खणात असतात.

खालच्या मजल्यावर एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे जायला मला तीन वर्षं संकोच वाटत होता. निफाडची यांची झोळीवाली म्हातारी वाचली आणि गेले. महिन्याचे पैसे ठरवूनच बोलले. चार ते सहा मुलगा त्यांच्याकडे. त्या आधी पैशाला नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, ''बरं दे, म्हणजे मला पण तुला नाही म्हणता येईल कधी कधी.'' काल नाही म्हणाल्याही, त्यांची भिशी होती.

ओरडणं थांबलंय का? नाही. परवा पुन्हा ओरडले, बुटांवरून. पण नंतर त्याच्याजवळ बसून म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, ''तुझं रक्त कमी आहे ना, बाबा म्हणाला.'' आता घरात काहीही झालं की हेच. भाजी खारट झाली, रक्त कमी आहे.

२० तारखेची रिटर्न भरून झाली की गोल्फ क्लबच्या मैदानावर भेटायचं का कोणी? पोरं पळतील, आपण बसू. पुढचा शनिवार, संध्याकाळी साडेपाच.

---

पासवाली | शनिवार, दुपारी ४.५०

येते. शनिवारी मला सुट्टी. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आणते.

---

अळीव_लाडू | शनिवार, दुपारी ४.५८

मी पण. नाव सार्थ करायला लाडू आणावेच लागतील.

---

पंचवटीतली_आजी | शनिवार, सायंकाळी ५.१५

बाक असेल तिथे बसा, मला खाली बसता येत नाही. नातू रिक्षाने सोडेल.

---

रूळावरचा_माणूस | शनिवार, सायंकाळी ५.४०

फक्त आयांसाठी आहे का? चार वर्षांची मुलगी आहे, शनिवारी माझ्याकडेच असते.

---

तिखट_रस्सा | शनिवार, सायंकाळी ५.४२

या. पण घाटाचा चढ काढलात तर परत पाठवू.